दिव्याआडची नोंदवही

स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करीत फिरणारी परिचारिका, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे चित्र आपल्याकडे पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोचवले. १२ मे हा तिचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. या चित्रात खोटे काही नाही, परंतु ते फार अपुरे आहे. नव्वद वर्षांच्या आयुष्यात तिने प्रत्यक्ष शुश्रूषेचे काम केले ते जेमतेम तीन वर्षे. उरलेला बहुतेक काळ ती तक्ते, अहवाल आणि पत्रे यांच्या ढिगाऱ्यात बसून एकाच प्रश्नाचा पाठलाग करीत होती. रुग्णालयात दगावलेला माणूस आपल्या मूळ आजाराने गेला, की रुग्णालयानेच दिलेल्या आजाराने, हा तो प्रश्न. आज वृद्धांच्या शुश्रूषागृहांत कोणाला कोणता संसर्ग झाला आणि किती प्रतिजैविके दिली गेली, याची मोजदाद ठेवण्याचे जे शास्त्र उभे राहिले आहे, त्याची मुळे शोधत गेले की वाट या बाईंच्या टेबलापाशी येऊन पोचते.

आईवडील युरोपच्या प्रदीर्घ प्रवासात असताना १८२० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरी तिचा जन्म झाला आणि शहराचेच नाव तिला मिळाले. घराणे गर्भश्रीमंत. एक घर डर्बीशायरमध्ये, दुसरे हॅम्पशायरमध्ये. केंब्रिजमध्ये शिकलेले वडील विल्यम नाइटिंगेल यांनी दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान स्वतः शिकवले. फ्लॉरेन्सला मात्र ओढ होती गणिताची. लग्न करून संसाराला लागणाऱ्या मुलीला गणिताचा काय उपयोग, असा आईचा रोकडा सवाल होता. बऱ्याच हट्टानंतर तिला गणिताची शिकवणी मिळाली. सोळाव्या वर्षी, १८३७ मध्ये, देवाने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी तिची भावना झाली. पुढे ही सेवा म्हणजे रुग्णसेवा हे तिने ठरवले, तेव्हा घरात वादळ उठले. त्या काळी रुग्णालयातील परिचारिका म्हणजे अशिक्षित, अनेकदा व्यसनी बाई, असाच समज होता. कुलीन घरातील मुलीने त्या वाटेला जाणे अशक्यच.

घरच्यांशी हा झगडा वर्षानुवर्षे चालला. या काळात ती पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात रुग्णालयांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचत असे, टिपणे काढीत असे. चांगली स्थळे तिने नाकारली. अखेर १८५० आणि १८५१ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कैसरवेर्थ येथील संस्थेत जाऊन तिने शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण घेतले.

१८५३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवरील एका लहान संस्थेची ती अधीक्षक झाली. आजारी पडलेल्या, परंतु घरी कोणी पाहणारे नसलेल्या मध्यमवर्गीय स्त्रियांसाठी ही संस्था चालवली जात होती. त्यांत परक्यांच्या मुलांना शिकवून पोट भरणाऱ्या गव्हर्नेस पुष्कळ असत. आजच्या भाषेत हे एक छोटेखानी नर्सिंग होमच. तिने आल्याबरोबर प्रत्येक मजल्यावर गरम पाणी आणले, स्वयंपाकघरातून वर अन्न पोचवण्यासाठी खेचयंत्र बसवले, रुग्णाच्या घंटेला परिचारिका चटकन पोचेल अशी सोय केली. शिवाय ती व्यवस्थापक मंडळाला दर तीन महिन्यांनी लेखी अहवाल सादर करू लागली. पगार ती घेत नव्हती. वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड तिच्या नावे लावून दिले होते.

वर्षभरातच क्रिमियाचे युद्ध भडकले. जखमी ब्रिटिश सैनिकांच्या दैन्याच्या बातम्या ‘टाइम्स’मधून लंडनला पोचू लागल्या आणि लोकक्षोभ उसळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट तिचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांचे पथक घेऊन ती निघाली आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी कॉन्स्टॅन्टिनोपलसमोर, बॉस्फरसच्या आशियाई किनाऱ्यावरील स्कुटारीला पोचली. तुर्की सैन्याच्या एका अवाढव्य बरॅकीत हे रुग्णालय थाटलेले होते. कोरिडॉरमध्ये मैलोगणती गाद्या, जमिनीखाली तुंबलेली गटारे, खिडक्या बंद, उवा आणि उंदीर. पट्ट्या, कपडे, चमचे अशा साध्या वस्तूंचीही टंचाई. तिने पैसा जमवून सामान आणले, धुलाईची आणि स्वयंपाकाची व्यवस्था लावली. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण ४२.७ टक्क्यांवर पोचले.

मार्चच्या सुरुवातीस लंडनहून एक आरोग्य आयोग आला. त्यात डॉ. जॉन सदरलंड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन हे होते. त्यांनी गटारे उपसून धुतली, वाऱ्याला वाट करून दिली, भिंतींना चुना काढला, पाण्याच्या मार्गात कुजत पडलेला घोडा काढायला लावला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण २.२ टक्क्यांवर आले. परिचारिका त्याच होत्या, डॉक्टरही बहुतांशी तेच होते. बदलली होती ती इमारत.

स्कुटारीत तिला आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिचे पुढचे सारे आयुष्य या गोष्टीने व्यापले. किती सैनिक मेले हे कोणालाच धड ठाऊक नव्हते. मृत्यूंच्या तीन वेगवेगळ्या नोंदी ठेवल्या जात होत्या आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. माणूस कशाने मेला याची नावेही प्रत्येक डॉक्टर आपापल्या सवयीने लिहीत असे. जिथे मृतांचाच हिशेब लागत नाही तिथे चूक कुठे झाली हे कळणार कसे आणि सुधारणार कोण?

१८५५ च्या मे महिन्यात तिला क्रिमियात जबर ताप आला. त्या आजाराने तिची पाठ पुढे आयुष्यभर सोडली नाही. १८५६ च्या ऑगस्टमध्ये ती गाजावाजा टाळण्यासाठी मिस स्मिथ या नावाने इंग्लंडला परतली. घरोघरी तिची चित्रे लागली होती, लोकवर्गणीतून सुमारे ४४ हजार पौंडांचा निधी तिच्या नावे उभा राहिला होता. सत्कार मात्र तिने टाळले. तिने गाठले ते विल्यम फार यांना. इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातील हे संख्याशास्त्रज्ञ मृत्यूंच्या कारणांचे वर्गीकरण करण्यात त्या काळी अग्रगण्य होते. दोघांनी मिळून युद्धातील मृत्यूंची मांडणी सुरू केली.

आकडे जसजसे जागेवर बसू लागले, तसतसे विदारक सत्य समोर आले. एकट्या जानेवारी १८५५ मध्ये जखमांमुळे ८३ सैनिक मेले होते आणि टाळता येण्याजोग्या संसर्गजन्य आजारांनी २,७६१. शत्रूच्या गोळीपेक्षा अतिसार, पटकी आणि टायफस यांनीच सैन्य गारद केले होते. त्याहून कटू बाब म्हणजे स्कुटारीचे रुग्णालय त्या हिवाळ्यात आघाडीवरच्या छावण्यांतील रुग्णालयांपेक्षाही अधिक घातक ठरले होते. म्हणजे तिने ज्या रुग्णालयात रात्रंदिवस राबून माणसे जगवण्याची धडपड केली, त्याच्या भिंतीच त्यांना मारीत होत्या. आरंभी ती या मृत्यूंचा दोष उपासमारीला, अतिश्रमांना आणि रुग्ण उशिरा पोचण्याला देत असे. आकड्यांनी तिचे मत बदलले. या जाणिवेचा तिच्या मनावर किती आघात झाला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आकडे तिने दडवले नाहीत, याविषयी मात्र दुमत नाही.

१८५७ च्या रॉयल कमिशनपुढे ही सामग्री गेली. १८५८ मध्ये तिने आपला आठशेहून अधिक पानांचा अहवाल खासगीरीत्या छापून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती दिला. त्यात प्रसिद्ध पाकळ्यांची आकृती होती. वर्षाच्या बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, प्रत्येक पाकळीचे क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात. निळा रंग टाळता येण्याजोग्या आजारांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. तक्ते न वाचणाऱ्या मंत्र्यालाही एका दृष्टिक्षेपात दिसावे की निळ्या रंगाने सारे व्यापले आहे. त्याच वर्षी स्टॅटिस्टिकल सोसायटी ऑफ लंडनने तिला सदस्यत्व दिले. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

लष्करावरून तिची नजर नागरी रुग्णालयांकडे वळली. लंडनमध्ये नामांकित रुग्णालयांची वाण नव्हती, परंतु प्रत्येकाची नोंदवही वेगळी. एका ठिकाणी जो ताप, तो दुसऱ्या ठिकाणी दुसराच काही आजार. कोणी मरणासन्न रुग्णाला घरी पाठवून आपली आकडेवारी स्वच्छ ठेवी. अशा परिस्थितीत कोणते रुग्णालय चांगले आणि कोणते वाईट, हे सांगणे अशक्य होते. १८६० च्या जुलैमध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषद भरली. तिच्यापुढे तिचा प्रस्ताव मांडला गेला: सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यातील तक्ते भरावेत. वर्षारंभी किती रुग्ण होते, नवे किती आले, बरे होऊन किती गेले, सुधारणा न होता किती गेले, किती मेले, वर्षअखेर किती उरले, सरासरी मुक्काम किती दिवसांचा. आजारांची नावे सर्वांनी एकाच यादीतून घ्यावीत. पुढे शस्त्रक्रियांसाठीही तिने तक्ता तयार केला. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली का, रक्तात पू भिनला का, धावरे उठले का, हे त्यात नोंदवायचे होते. रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकाच कोणत्या संसर्गाने मरतात, याचीही गणती तिने केली. सेवा करणाऱ्यांचे मृत्यू हेसुद्धा इमारतीविषयी काही सांगतात, हे तिच्या लक्षात आले होते.

परिषदेने प्रस्ताव उचलून धरला, लंडनच्या काही रुग्णालयांनी हे तक्ते भरूनही पाहिले. पण काम वेळखाऊ, खर्चिक आणि अडचणीचे. हळूहळू ते मागे पडले.

याच सुमारास एक मोठा वाद झाला. रुग्णालयांविषयीच्या तिच्या पुस्तकाची तिसरी, विस्तारित आवृत्ती १८६३ मध्ये निघाली. तीत फार यांनी काढलेला एक आकडा होता. लंडनमधील २४ रुग्णालयांत ८ एप्रिल १८६१ या दिवशी ४,२१४ रुग्ण होते आणि त्या संपूर्ण वर्षात तेथे ३,८२८ मृत्यू झाले. म्हणजे शंभरामागे ९०.८४. आकडा वाचून डॉक्टर मंडळी भडकली. लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकांनी टीकेची झोड उठवली. दहापैकी नऊ रुग्ण मरतात असे म्हणायचे आहे काय, असा त्यांचा सवाल होता आणि तो वाजवी होता. गोम होती छेदात. एखाद्या खाटेवर वर्षभरात दरमहा एक असे बारा रुग्ण येऊन गेले आणि त्यांपैकी एक दगावला, तर खाटेमागे मृत्यू शंभर टक्के दिसतो. रुग्णामागे मात्र तो आठ टक्क्यांच्या थोडा वर राहतो. अंश तोच, छेद बदलला की अर्थच बदलतो. शिवाय लंडनच्या रुग्णालयांत अत्यवस्थ रुग्ण अधिक येत, गावाकडच्या रुग्णालयांत कमी. त्यांची सरळ तुलना अन्यायाची होती.

टीकाकार बरोबर होते, पण फार यांची पद्धतही निव्वळ चूक नव्हती. किती माणसे आली याऐवजी किती माणसे किती काळ त्या छपराखाली राहिली, याने भागण्याचा तो प्रयत्न होता. त्याला टक्केवारीचा वेष चढवला, एवढीच घोडचूक. हा मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आजची मोजणी याच छेदाकडे परत आली आहे.

तिची खरी कसोटी लागली ती किंग्ज कॉलेज रुग्णालयात. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या निधीतून परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले, हे सर्वांना माहीत असते. त्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात एक प्रसूतिकक्षही उघडला गेला होता. खेड्यापाड्यांतील गरीब बायकांसाठी शिकलेल्या सुइणी तयार कराव्यात, हा हेतू. योजना तिच्या जिव्हाळ्याची होती. परंतु काही वर्षांतच तेथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या. नोंदी एकत्र केल्या तेव्हा हजार बाळंतपणांमागे सुमारे ३३ मातामृत्यू असा हिशेब निघाला. साऱ्या इंग्लंडचे प्रमाण, ज्यात बहुतेक बाळंतपणे दरिद्री घरांतही होत, हजारामागे पाचाच्या आसपास होते. गरिबाच्या कोंदट खोलीत बाळंत होणारी बाई तिच्या देखण्या, स्वच्छ कक्षात बाळंत होणाऱ्या बाईपेक्षा कितीतरी अधिक सुरक्षित होती.

१८६७ मध्ये तो कक्ष बंद करण्यात आला. सुइणींचे शिक्षण थांबले, उभारलेली योजना मोडली. आकडे झाकून, थोडी डागडुजी करून काम चालू ठेवणे सोपे होते. तिने उलट डॉ. सदरलंड यांच्या मदतीने युरोपभरच्या प्रसूतिगृहांची माहिती गोळा करण्यास सुरुवात केली आणि १८७१ मध्ये या विषयावर पुस्तक काढले. आपल्या कक्षाचे अपयश त्यात आकड्यांनिशी नोंदवले. सर्वसाधारण रुग्णालयाच्या दारात बाळंतिणीने पाऊल टाकू नये, असा तिचा निष्कर्ष होता. सॉक्रेटिसची आई सुईण होती. हे पुस्तक तिने त्या माउलीच्या स्मृतीला अर्पण केले.

व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच, क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतले की सूतिकाज्वर घटतो, हे दाखवून दिले होते. १८६५ मध्ये ते उपेक्षेतच वारले. फ्लॉरेन्सने कारणांचा शोध वेगळ्या वाटेने घेतला. ती दूषित हवेच्या सिद्धान्तावर वाढलेली होती, आणि जंतुसिद्धान्ताकडे बराच काळ तिने संशयाने पाहिले. तिच्या विचारांची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. तरी परिचारिकांनी दिवसातून वारंवार हात धुवावेत हे तिने १८५९ च्या पुस्तकातच लिहून ठेवले होते, आणि १८८२ मध्ये एका वैद्यकीय कोशासाठी लिहिताना जंतुनाशक दक्षतेला तिने स्थान दिले. कारण चुकीचे समजले असतानाही मोजणी प्रामाणिक असेल तर माणूस योग्य ठिकाणी पोचू शकतो, याचे ती स्वतःच उदाहरण होती.

म्हाताऱ्या, निराधार आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचा प्रश्नही तिच्यापुढे आला. इंग्लंडमध्ये अशी माणसे वर्कहाऊस नावाच्या गरीबखान्यांच्या आजारी कक्षांत कोंबलेली असत. तेथे शुश्रूषा करीत त्याच गरीबखान्यातील इतर दरिद्री स्त्रिया. १८६४ च्या अखेरीस लंडनच्या होलबर्न गरीबखान्यात एक मजूर हेळसांडीमुळे चिघळलेल्या शय्याव्रणांनी मेला आणि वृत्तपत्रांत गवगवा झाला. तिने लगेच संबंधित मंत्र्यांना लिहिले आणि लंडनमधील प्रत्येक गरीबखान्याने भरून द्यावयाची प्रश्नावलीच तयार केली. १८६५ मध्ये तिच्या विद्यालयातून शिकलेली ॲग्नेस जोन्स प्रशिक्षित परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या गरीबखान्यात गेली. तीन वर्षांत तिने तेथील चित्र पालटले आणि १८६८ मध्ये टायफसने तिचा बळी घेतला. रुग्णांना होणारा संसर्ग परिचारिकेला सोडत नाही, हे पुन्हा एकदा दिसले. १८६७ च्या कायद्याने लंडनमधील आजारी निराधारांसाठी स्वतंत्र रुग्णालयांची वाट मोकळी झाली, त्यामागे तिचा मोठा वाटा होता.

भारतात ती कधी आली नाही. परंतु १८५९ मध्ये नेमलेल्या, भारतातील सैन्याच्या आरोग्यविषयक रॉयल कमिशनसाठी तिने येथील लष्करी ठाण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवण्याची व्यवस्था केली. पाणी कुठून येते, मैला कुठे जातो, बरॅकीत माणशी जागा किती, आजार कोणते, अशी विचारणा त्यांत होती. १८६३ च्या अहवालातून निष्पन्न झाले की येथील ब्रिटिश सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होत होते. दशकभरानंतर, १८७३ मध्ये, हे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे तिने मांडले. सैनिकांपासून सुरू झालेले तिचे लक्ष पुढे रयतेकडे गेले. सभोवतालच्या वस्तीतील पाणी आणि गटारे तशीच राहिली तर छावणी निरोगी राहणार नाही, हे तिने जाणले. मुंबई इलाख्यात १८८९ साली झालेल्या ग्रामस्वच्छता कायद्याच्या निमित्ताने तिने पुण्याची सार्वजनिक सभा आणि बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन यांच्याशी पत्रव्यवहार केला. बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली, दादाभाई नौरोजींच्या ब्रिटिश संसदेतील उमेदवारीला पाठिंबा दिला.

अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, स्मृती क्षीण झाली. आयुष्यभर इतरांच्या शुश्रूषेची घडी बसवणारी ही स्त्री स्वतःच परिचारिकेच्या आधाराने राहू लागली. १९०७ मध्ये ब्रिटनचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा बहुमान मिळवणारी ती पहिली महिला ठरली. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमधील राहत्या घरी तिचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान नातलगांनी नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात आईवडिलांशेजारी तिला मूठमाती देण्यात आली.

तिच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडले आणि दुसऱ्या महायुद्धापासून प्रतिजैविकांचे युग अवतरले. संसर्ग हा आता औषधाने मिटणारा प्रश्न आहे, असा समज पसरला आणि मोजदाद मागे पडली. पण जंतूही शिकत गेले. औषध जितके सैल हाताने वापरले, तितके ते लवकर बोथट होऊ लागले. याची सर्वांत मोठी झळ बसते ती नर्सिंग होममधील वृद्धांना.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे काही खाटांचे खासगी रुग्णालय, ज्याची नोंदणी १९४९ च्या कायद्याने होते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र या नावाने ओळखले जाते ते परावलंबी वृद्धांचे दीर्घकालीन शुश्रूषागृह. एकाच छपराखाली दुबळी माणसे, महिनोन्‌महिने मुक्काम, मूत्रनलिका, शय्याव्रण, आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे परिचारकांचे तेच हात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार तेथील नर्सिंग होममधील ७० टक्क्यांपर्यंत वृद्धांना वर्षभरात कधी ना कधी प्रतिजैविक दिले जाते आणि त्यांपैकी ४० ते ७५ टक्के वापर अनावश्यक किंवा अयोग्य असू शकतो. नेहमीचे उदाहरण लघवीच्या तपासणीचे. म्हातारपणी लघवीत जंतू सापडणे सर्रास आढळते. जळजळ नाही, ताप नाही, तरी अहवाल पाहून गोळ्या सुरू होतात. त्यातून आतड्यातील उपयुक्त जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा जीवघेणा अतिसार होतो, आणि औषधाला दाद न देणारे जंतू शेजारच्या खाटेपर्यंत पोचतात.

यावर उपाय म्हणून जे घडले त्यात फ्लॉरेन्सच्या तक्त्यांची छाया स्पष्ट दिसते. प्रथम व्याख्या. कशाला संसर्ग म्हणायचे याचे नर्सिंग होमसाठीचे निकष कॅनडातील डॉ. ॲलिसन मॅकगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडले, २०१२ मध्ये त्यांची सुधारणा झाली. प्रतिजैविक सुरू करण्यासाठी किमान कोणती लक्षणे हवीत, हे २००१ मध्ये स्वतंत्रपणे ठरले. मग समान नमुना. २०१२ पासून अमेरिकेतील नर्सिंग होमना आपले आकडे राष्ट्रीय नोंदजाळ्यात भरण्याची सोय झाली. २०१७ च्या नोव्हेंबरपासून सरकारी विमा योजनांशी संलग्न असलेल्या प्रत्येक नर्सिंग होमला प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख ठेवणे बंधनकारक झाले. आणि अखेरीस छेद. येथे रुग्ण वर्षानुवर्षे राहतात, त्यामुळे किती जण दाखल झाले याने भागण्यात अर्थ नाही. म्हणून माणसे गुणिले दिवस असा हिशेब केला जातो. समजा, ५० वृद्ध ३० दिवस राहिले, तर १,५०० निवासी-दिवस झाले. त्या महिन्यात तिघांना संसर्ग झाला, तर प्रमाण हजार दिवसांमागे दोन. प्रतिजैविकांचेही तसेच: ज्या दिवशी औषध दिले तो प्रत्येक दिवस मोजायचा. १८६३ मध्ये ज्या हिशेबाची टर उडवली गेली, तोच शुद्ध होऊन परतला आहे.

आपल्याकडे २०१४ पासून औषध दुकानदारांना ‘एच-१’ यादीतील औषधांच्या, ज्यांत अनेक प्रतिजैविके येतात, विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील आज शुश्रूषा केंद्रांत राहतात. तेथे दाखल करताना नातेवाईक खोली पाहतात, जेवण पाहतात, बाग पाहतात. गेल्या सहा महिन्यांत येथे कितींना संसर्ग झाला आणि कितींना प्रतिजैविके दिली, हे विचारायचे सहसा कोणाला सुचत नाही. विचारले तर उत्तर देण्यासाठी कोठेतरी वही असावी लागेल. आकडा वाईट निघाला तर तो मांडून दाखवण्याचे आणि वेळ पडल्यास कक्षाला कुलूप लावण्याचे धैर्यही लागेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६७ साली स्वतःच्या संस्थेपुरते ते दाखवले होते.